"काका, पुढचं चाक डुगडुगतंय!"

गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आपटून 'खट्' असा आवाज आला, की मला अजूनही तो गुन्हा आठवतो. ना खून होता, ना दरोडा. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील नसतील. पण नोकरीत ज्या मोजक्या माणसांचे मी उपकार मानतो, त्यांतला एक या गुन्ह्यातला आरोपी आहे.

तेव्हा माझ्याकडे नाशिक ग्रामीणमधल्या, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका ठाण्याचा कार्यभार होता. एका अंगाला चांदवड, दुसऱ्या अंगाला पिंपळगाव. द्राक्षाच्या हंगामात दिवसभर टेम्पो धावायचे आणि सकाळची हजेरी संपली, की आम्ही अपघातांचे पंचनामे करत बसायचो.

खबर दिली ती रस्त्याकडेच्या एका चहावाल्याने. खबऱ्या म्हणून नव्हे, निव्वळ कुतूहल म्हणून. तो म्हणाला, "साहेब, समोरच्या गॅरेजात रोज गाड्या लागत्यात. जो तो नवा पार्ट टाकून जातो. पन पार्टच्या दुकानातून एक खोकं आलेलं मी अजून पाहिलं नाय. हा नवा माल उगवतो कुठं?"

मी त्याला तिथेच दुसरा चहा सांगितला. असा प्रश्न आमच्या खात्यात फार थोड्यांना पडतो.

गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकामागे बॉल जॉइंट नावाचा एक सांधा असतो. आपल्या खुब्यासारखाच. वाटीत गोळी, भोवती ग्रीस आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली, की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं आणि गोळी वाटीत खेळू लागते. आधी गतिरोधकावर खटखट ऐकू येते, मग टायर एका बाजूने झिजतो. तेव्हाही दुर्लक्ष केलं, तर एक दिवस गोळी वाटीतून निसटते आणि चाक आडवं होऊन गाडी त्यावर बसते. सावकाश जाताना निसटली तर नशीब म्हणायचं.

या सांध्याच्या भीतीवरच त्या गॅरेजवाल्या टोळीचं दुकान चाललं होतं. आमच्या चालक हवालदारांनी स्वतःच्या गाडीचे दोन्ही जॉइंट नुकतेच बदलले होते. त्यांना साध्या कपड्यांत तीच गाडी घेऊन पाठवलं. थोड्याच अंतरावर मोटारसायकलवरचे दोघे शेजारी आले आणि ओरडले, "काका, पुढचं चाक डुगडुगतंय! पुढं गॅरेज हाय, दाखवून घ्या!" गॅरेजात मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, नजर चुकवून नट ढिला केला आणि चाक वर-खाली धरून हलवून दाखवलं. हवालदारांनी घाबरल्याचं सोंग छान वठवलं. नवा म्हणून जो जॉइंट बाहेर आला, तो आदल्या कुणाच्या तरी गाडीतला निघाला. डिझेलने पुसलेला, काळा रंग मारलेला, टोपी तेवढी नवी. याची टोपी त्याच्या डोक्यावर, अक्षरशः! पंचांसमोर माल जप्त करून तिघांना ठाण्यात आणलं.

मोटारसायकलवाल्यांतला थोरला गॅरेजचा मालक होता. तो आणि त्याचा जोडीदार पोपटासारखे बोलत होते, अर्थात एकमेकांच्या नावाने. मिस्त्री तिशीतला, पेठकडचा. तो मान खाली घालून बसला होता. नावगाव सांगितलं, पुढे मुका.

आरोपी मुका झाला, की मी त्याचं तोंड बघत नाही, त्याचं लक्ष कुठे आहे ते बघतो. याचं लक्ष आमच्या वायरलेसकडे होतं. मोर्चाची बातमी आली, हा हलला नाही. मंत्र्यांच्या दौऱ्याचा निरोप आला, तरी नाही. पण 'अपघात' हा शब्द ऐकला, की याची मान झटकन वर यायची. ट्रकचा अपघात आहे असं कळलं, की पुन्हा खाली.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "कुठल्या गाडीची वाट बघतोयस?"

त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "पांढरी गाडी, साहेब. टपावर कॅरियरवाली. सकाळी नांदगावकडून आली व्हती. काका आणि मावशी. पोरीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायला नाशिकला चालले व्हते. बाकी समद्यांना चांगला पार्ट घातला, जुना का हुईना. सकाळी चांगला शिल्लकच नव्हता. मालक म्हणाला, भंगारातला घे, रबर नवं चढव. तो पार खेळत व्हता, साहेब. नाशिकपर्यंत पोचंल. माघारी येताना... आता पोरगी पन असंल ना गाडीत."

कायदा थोडा समजून घ्या. आमच्यासमोर होती ती फसवणूक. या गाडीची कुणाचीच तक्रार नव्हती. तो गप्प बसला असता तर आम्हाला कधी कळलंही नसतं. बोलल्यामुळे लोकांचा जीव धोक्यात घातल्याचं कलम त्याच्यावर वाढणार होतं आणि मालकाने ते त्याला तिथेच ओरडून सांगितलं. तरी तो बोलला.

टोल नाक्याच्या कॅमेऱ्यात गाडी सापडली. नंबरावरून गाडीमालकाचं नाव आणि मोबाइल मिळाला. मी स्वतः फोन लावला. त्यांच्या बाईंनी उचलला.

"ताई, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय. गाडीत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या."

"कोन पोलीस? आन् आमचा नंबर कुठून घावला?"

"ताई, तुमच्या पुढच्या चाकाचं..."

"चाकाचं काम सकाळीच झालं आमचं. असे फोन लय येतात. आता ओटीपी मागशीन. लाज नाय वाटत? दोन जिवाची पोर हाय गाडीत माझी!"

फोन बंद. पुन्हा लावला तर लागेचना. हवालदारांच्या फोनवरून लावला, तर 'पोलीस' एवढं ऐकूनच तोडला. खोट्या पोलिसांच्या फोनला भुलू नका असं गावोगाव सांगत आम्हीच फिरलो होतो, त्याचं फळ असं पदरात पडलं. मी ओझरच्या बाजूला गस्तीची गाडी सोडायला सांगितली, पण ती पोचेपर्यंत काय होईल याचा भरवसा नव्हता.

"साहेब, मी बोलू?" मिस्त्री म्हणाला.

गॅरेजमालक फिस्सकन हसला. मी हवालदारांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या फोनवरून लावून मी स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडापुढे धरला.

"मावशी, फोन ठेवू नका. मी सकाळचा गॅरेजवाला. तुम्ही मला सांजोऱ्या खायला घातल्या. म्हनल्या, उपाशीपोटी हत्यार धरू नये. मावशी, मी तुमच्या गाडीत खराब पार्ट घातलाय. लय वाईट केलं मी. काकांना सांगा, ब्रेक एकदम दाबू नका, वळण मारू नका, हळूहळू कडेला घ्या. पोरीला उतरवा आधी."

पलीकडून बाई बोलल्या, पण त्याच्याशी नाही. "अहो, थांबवा. मी सांगते ना, थांबवा!"

ओझर ओलांडून ते बरेच पुढे आले होते. हवालदार तिथे पोचले, गाडी जॅकवर घेऊन त्यांनी चाक दोन्ही हातांनी हलवलं, तर गोळी वाटीतून बाहेर आली. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. मी कोठडीशी जाऊन मिस्त्रीला म्हणालो, "उपकार झाले तुझे." कोठडीतल्या माणसाला मी असं कधी म्हटलं नव्हतं. तो भिंतीला टेकला आणि ढसाढसा रडला.

खाल्ल्या मिठाला जागला, असं आपण सहज म्हणतो. माझा मात्र अनुभव असा, की मिठाला जागणारे खूप भेटतात, पण त्यासाठी स्वतःची शिक्षा वाढवून घेणारा एखादाच. केस डायरीत मी त्याचं बोलणं जसंच्या तसं नोंदवलं. तपास अधिकाऱ्याला यापलीकडे फार काही करता येत नाही.

खटला उभा राहिला तेव्हा बाई साक्षीला आल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचे यजमान नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होते. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्या गाडीत खराब जॉइंट बसवणारा माणूस इथे आहे का?"

बाईंनी मिस्त्रीकडे बोट केलं. "ह्योच."

वकील बसू लागले. बाई पिंजऱ्यातून हलल्या नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? त्या म्हणाल्या, "फोन करून आमची गाडी थांबवली, तो बी ह्योच. साहेब, दोन्ही लिवा."

न्यायाधीशांनी दोन्ही लिहून घेतलं. मिस्त्रीला शिक्षा झाली, मालकापेक्षा पुष्कळ कमी. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत कुठल्याही माणसाबद्दल कागद लिहायला बसलो, की मी स्वतःला विचारत आलो, दोन्ही लिहिलं का? हे मला त्या बाईंनी शिकवलं, आणि त्यांना तसं सांगायची संधी एका आरोपीने दिली. दोघांचाही मी ऋणी आहे.