छतातला कापूस

जळगावला माझे थोरले दीर राहत. घरात, गल्लीत आणि कापसातली सरकी काढायच्या त्यांच्या जिनिंगमध्ये सगळे त्यांना नाना म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते एका लग्नासाठी मुंबईला गेले, तिथल्या हॉटेलात छताच्या आत बसवलेले दिवे त्यांनी पाहिले, आणि परत आल्यावर घरातली ट्यूबलाइट त्यांना एकदम गावंढळ वाटू लागली.

महिन्याभरात हॉलला प्लायवुडचं खोटं छत लागलं. त्याला ओळीनं भोकं आणि प्रत्येक भोकात शंभर वॉटचा बल्ब. वायरमन नानांच्या होला हो करणारा होता, म्हणून तो नानांना फार हुशार वाटायचा.

इथवर ठीक होतं. पण नानांना शोध लावायची हौस. उन्हाळ्यात जळगावच्या स्लॅबखाली माणूस भाजून निघतो, तेव्हा स्लॅब आणि प्लायवुडच्या मधल्या पोकळीत त्यांनी जिनिंगमधला कापूस ठासून भरला. ऊन आत येणार नाही, असं त्यांचं शास्त्र. दिव्यांची उष्णता बाहेर कुठून जाणार, हा प्रश्न त्या शास्त्रात नव्हता. तो माझ्या जाऊबाईंना पडला.

"अहो, पेटलेल्या बल्बला बोट तरी लावून बघा. चटका बसतो. आणि त्याच्या उरावर कापूस?"

"तू वांगी भाज," नाना म्हणाले. "विजेतलं तुला काय कळतं?"

जाऊबाईंनी वांगी भाजली. दिवे दाखवायला नानांनी भरीत-पुरीचं जेवण ठेवलं होतं, आणि आम्हीही धुळ्याहून गेलो होतो. पाहुणे माना वर करून बसले. नाना एकेक बटण दाबत होते आणि प्रत्येक बटणाला कौतुकाची वाट बघत होते. थोड्या वेळानं अमळनेरच्या आत्या वास हुंगत म्हणाल्या, "नाना, काहीतरी जळी ऱ्हायनं रे!"

"वांगी, आत्या, वांगी!" नाना हसले.

जाऊबाई पुऱ्यांचं ताट घेऊन दारात आल्या होत्या. "वांगी कधीच भाजून झाली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वर पाहिलं. एका दिव्याभोवतीचं प्लायवुड तपकिरी पडलं होतं. ताट माझ्या हातात देऊन त्या सरळ मेन स्विचकडे गेल्या.

दिवे गेले. "कुणी घालवली लाइट?" नाना ओरडले. पण अंधारात छताच्या त्या भोकात लालभडक निखारा दिसत होता. लगेच पेटलेल्या कापसाचा एक गोळा नव्या सोफ्यावर पडला.

आम्ही बायकांनी आत्यांना अंगणात नेलं. पुरुषांनी बादल्या ओतल्या. धूर कमी झाल्यावर नानांनी जाहीर केलं, "विझलं. या, बसा जेवायला."

"कापूस आतल्या आत धुमसतो. जिनिंगमध्ये हे तुम्हीच नोकरांना सांगता ना?" जाऊबाई म्हणाल्या. "छत फोडा."

नानांच्या डोळ्यांदेखत पुरुषांनी पहारीनं छत फोडलं. वरचा कापूस अजून आत लाल होता. तो ओढून ओढून आम्ही मागच्या मोकळ्या जागेत टाकला आणि त्यावर पाणी मारत बसलो. भरीत गार झालं, पुऱ्यांना धुराचा वास लागला. तरी आत्या पोटभर जेवल्या.

पुढे जो भेटेल त्याला नाना सांगत, "व्होल्टेज जास्त आलं." बल्बचं, कापसाचं नाव नाही. जाऊबाई ते ऐकून घेत, पण त्या घरात नवा दिवा त्यांना विचारल्याशिवाय लागेनासा झाला.

काही वर्षांनी आम्ही धुळ्यात घर बांधलं. छतात दिवे हवेत, असा माझ्या नवऱ्याचा हट्ट. मी जाऊबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी प्रत्येक दिव्याला पत्र्याचं घर करायला लावलं, वर हात फिरेल एवढी पोकळी मोकळी ठेवली, बल्ब लहान घ्यायला लावले आणि वायरचा प्रत्येक जोड स्वतः स्टुलावर चढून पाहिला.

वास्तुशांतीला नाना आले. दिव्यांखाली ऐसपैस बसून शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "ही आयडिया मूळची माझी."

जाऊबाईंनी पाहुण्याला वाढता वाढता सांगितलं, "हो, त्यांचीच. आधी एकदा जाळून बघितली त्यांनी."