आखाजीचा मुऱ्हाळी सायकलवर

नंदुरबारात तेव्हा सायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, आणि त्यातली एक माझी होती. कापसाच्या जिनातल्या एका साहेबाने गाव सोडताना ती मला विकली. जड, काळी आणि माझ्या मानाने दोन बोटं जास्तच उंच. तिच्यावर चढायला मला ओटा नाहीतर दगड लागायचा. उतरायला काही लागत नसे, ती स्वतःच उतरवायची. तरी पेठेतून जाताना मी मान इतकी ताठ ठेवत असे की एका म्हाताऱ्याने आईला विचारलं, पोराला उसण भरली आहे का?

त्या वर्षी बहिणीची लग्नानंतरची पहिली आखाजी होती. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण, दिवाळी त्यापुढे काहीच नाही. लिंबाला झोके बांधायचे, गौराई बसवायची, गाणी म्हणायची, आणि सासरी वर्षभर डोक्यावरचा पदर सांभाळणाऱ्या पोरीने चार दिवस मोकळं हुंदडायचं. पण ती आपली आपण माहेरी येत नाही. भावाने मुऱ्हाळी होऊन, गाडी घेऊन, तिला आणायला जायचं असतं. वडील गेल्यापासून आमच्या घरात मुऱ्हाळी व्हायला मी एकटाच उरलो होतो. मी गेलो नाही तर बहिणीची आखाजी सासरच्या चुलीपुढेच जाणार होती.

आई आठवडाभर मागे लागली होती. काकांची दमणी, म्हणजे छताची हलकी बैलगाडी, धुऊन-पुसून अंगणात उभी होती.

"कधी निंघस रे? लोकेसना भाऊ गयात बी," आई म्हणायची.

"माय, बैलेसले आख्खा दिन लागस. मन्ही सायकल दोन घंटामा जास. इतली घाई कसाले?"

"आनी पोरले कसावर आनशी?"

"कॅरिअरवर बसाडसू."

"लोके हासतीन."

"लोकेसनी सायकल देखेल नही म्हनीसन हासतीन," मी म्हणालो. मॅट्रिकला दोनदा बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे आईला माहीत होतं. तिने व्याह्यांसाठी सांजोऱ्यांची टोपली भरली आणि काकांना बैल सोडायला सांगितलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच मी तापीपलीकडे तिच्या सासरी निघालो. कोरीट गाव मागे पडलं आणि रस्ता एकदम निवांत झाला. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं भेगाळून पडली होती, आणि त्यांच्या पलीकडे तापीपर्यंत पिवळ्या गवताचा माळ, मधूनमधून बोरी-बाभळी. लांब सातपुड्याची पुसटशी रेघ. कुठे माणूस नाही, की मोट नाही. माझ्या चेनची करकर आणि एखादी टिटवी, एवढाच आवाज. खोटं कशाला बोलू, त्या तासाभरात मला जितकं सुख झालं तितकं पुढे लग्नातही झालं नाही. सकाळचा वारा अंगावर घेत, पाय न दुखवता (ते दुखणं दुसऱ्या दिवशी आलं), मी स्वतःला कलेक्टर समजत चाललो होतो.

खानदेशातला रस्ता मात्र कलेक्टरला ओळखत नाही. गाड्यांच्या चाकांनी वितभर खोल चाकोऱ्या पडलेल्या. पुढचं चाक एकदा चाकोरीत गेलं की आपण कुठे जायचं ते चाकोरी ठरवते. एका चाकोरीने मला थेट कुणाच्या तरी खळ्यात नेऊन कडब्याच्या गंजीवर घातलं. तिथल्या कुत्र्याने पुन्हा रस्त्याला लावलं.

वाटेत दमण्या भेटू लागल्या. बैलांच्या गळ्यात घुंगरं, पाठीवर झुली, आणि छताखाली माहेरी निघालेल्या पोरी गाणी म्हणत बसलेल्या. मी प्रत्येक गाडीला घंटी वाजवत होतो. समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या भरलेल्या होत्या, आणि माझ्या दिशेने जाणारी एकही नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं. बरंच झालं, आपल्याला रस्ता मोकळा आहे, असं मला वाटलं.

अशाच एका गाडीकडे ऐटीत बघताना धोतराचा सोगा चेनमध्ये गेला आणि मी धुळीत गेलो. सायकल उलटी करून, दातांनी धोतर फाडत, मी सोगा सोडवत होतो. गाडीवानाने बैल थांबवले.

"काय भाऊ, घोडं आजारी पडनं का?"

छताखालच्या पोरी इतक्या हसल्या की पुढे कितीतरी वेळ मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं. तापीवर पोचलो तर पात्रात वाळूच वाळू, मधे पाण्याची एक धार. गाड्यांच्या उतारावर बैल ओढून नेतात, सायकल कोण ओढणार? बसायला आणलेलं वाहन मी खांद्यावर घेतलं आणि तापल्या वाळूतून, गुडघाभर पाण्यातून पलीकडे नेलं. पैलतीरावर टोपली उघडून पाहिली. सांजोऱ्यांचा चुरा झाला होता.

दोन तासांची वाट दुपार कलेपर्यंत चालली. बहिणीच्या गल्लीत शिरलो तेव्हा माझं निम्मं धोतर शाबूत होतं आणि भुवयांपर्यंत धूळ. तिची सासू ओट्यावर सुपात डाळ पाखडत बसली होती. तिने मला पाहिलं, मग माझ्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत पाहिलं.

"उना का भाऊ? गाडी कोठे शे?"

मी सायकलकडे बोट दाखवलं. सूप थांबलं. आतून सासरे आले, त्यांच्यामागून मेहुणे. शेजारच्या ओट्यांवरही माणसं जमली. दाराच्या फळीआड हिरव्या लुगड्याचा काठ हलला, म्हणजे बहीण तिथे उभी होती.

सासरे सायकलभोवती एक फेरी मारून शांतपणे म्हणाले, "आम्हनी सून लोखंडावर बठीसन जावाव नही."

माणूस वाईट नव्हता. माहेरची गाडी दारात लागणं हा सुनेचा मान, आणि सुनेच्या मानातच सासरचाही मान, असा सरळ हिशोब होता. मी गप्प बसून पाय धरले असते तरी निभावलं असतं. पण मी त्यांना चाकाची हवा, दांडीचं पोलाद आणि विलायतेतल्या बायका असं सगळं समजावून सांगितलं. विलायतेतल्या बायकांचं नाव काढताच सासूने पदर तोंडाला लावला. फळीआडचा काठ दिसेनासा झाला. आता ही पोर येत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आईला जाऊन काय सांगू?

अशा वेळी शहाणा माणूस रडतो. मी प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. ओट्यावर ज्वारीचं अर्धं पोतं होतं, ते मेहुण्यांच्या मदतीने कॅरिअरवर बांधलं आणि जाहीर केलं, "हाई मन्ही बहीण समजा." मग ओट्यावरून टांग टाकून निघालो.

दहा पावलं फार झोकात गेली. मग पोतं एका अंगाला कललं, मी दुसऱ्या अंगाला कललो, पुढचं चाक उचललं गेलं, आणि आम्ही तिघं त्यांच्याच गोठ्यापुढच्या शेणात आडवे झालो. पोतं फुटलं. सगळ्या गल्लीच्या कोंबड्या धावत आल्या. एक कोंबडी माझ्या छातीवर उभी राहून दाणे टिपू लागली आणि मला उठवेना.

पहिलं कोण हसलं माहीत नाही. सासू हसता हसता डोळे पुसत होती. सासरे खांबाला धरून उभे होते. फळीआडूनही हसणं ऐकू आलं, आणि ते मी लहानपणापासून ओळखत होतो.

"बरं झायं ज्वारी व्हती," सासू म्हणाली. "मन्ही सून ऱ्हाती तं?" मग तिने मेहुण्यांकडे पाहिलं. "जुपा रे गाडी. सणना दिन पोर माहेरले जावालेच पाहिजे. हाई येडाना भरवसावर तिले ठेवी चालाव नही."

सासूने सांजोऱ्यांचा चुरा दुधात कालवून सगळ्यांना वाटला आणि फार चांगला झाला म्हणाली. उन्हं उतरताना आम्ही निघालो. पुढे मेहुणे दमणी हाकत, छताखाली बहीण मागे तोंड करून बसलेली, आणि गाडीमागे मी. सायकलला बैलाच्या चालीने चालता येत नाही, ती आडवी होते. म्हणून मी तिला हाताने ढकलत, गाडीची धूळ खात, पायी चाललो होतो. मुऱ्हाळी मी, आणि बायकोला माहेरी पोचवायला निघालेत मेहुणे, अशी उलटी वरात तापीकाठाने कधी गेली नसेल. मेहुणे मधूनमधून मागे बघून विचारत, "पाव्हना, घंटी नही का वाजाडत?"

नदी उतरून आम्ही माळाला लागलो. वारा पडला होता. बहीण कधीची हसत होती, कोंबडीची नक्कल करत होती, आणि मीही हसत होतो. सगळं निभावलं, या खुशीत मी तिला म्हणालो, "दोन घंटानी वाट शे म्हनीसन मी आजच निंघनू. नही तं चार दिन मांगेच येवाव व्हतू."

ती हसायची थांबली. बोलली ते रागाने नाही. मेहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जरा पुढे वाकून बोलली.

"गल्लीमधल्या साऱ्या सुना गयात, भाऊ. एकेकना भाऊ येस, गाडी लागस, ती जास. मी रोज ओटावर बठू. सासू म्हने, येई, येई. सासरा म्हने, गाडी मोडनी व्हई. माले वाटनं, बा गया, आते कोनी येवाव नही. काल सांजले मी बांधेल बोचकं सोडी टाकं."

वडिलांच्या मागे तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी सायकलच्या भरवशावर घरी बसून राहिलो होतो. मी हॅन्डल धरून गाडीमागे चालत राहिलो, आणि अंधार पडेपर्यंत मला मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.