भिंतीवरचा निळा पट्टा

हेदवीच्या अलीकडे खाडीकाठच्या वाडीत आत्मारामने घर बांधलं, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. चिऱ्याच्या भिंती, डोक्यावर स्लॅब, खिडक्यांना काचा आणि आतून पोपटी तेलरंग. त्र्याऐंशी सालात त्या वाडीत स्लॅबचं घर दुसरं नव्हतं. आत्माराम उमेदीची सगळी वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालत राहिला होता. मालनला, म्हणजे बायकोला, दम्याचा त्रास. जुन्या मातीच्या घरात जमीन सादळायची, चूल धुमसायची आणि बाई खोकून खोकून अर्धी व्हायची. दर रजेला तो म्हणायचा, "तुला सुका घर बांधून देतो, बघच तू." दिलेला शब्द पाळला म्हणून गडी नव्या घराच्या पायरीवर छाती काढून बसायचा.

पहिला पाऊस लागला आणि छाती आत गेली. भिंतींना पाझर फुटला. तेलरंगाला फुगे आले, फुग्याखाली पांढरी पूड. कपाटातल्या लुगड्यांना बुरशी, उशीला बुरशी, देवाच्या तसबिरीतल्या गणपतीच्या पोटावर सुद्धा बुरशी. मालनचा दमा जुन्या घरात होता त्याच्या दुप्पट झाला. श्रावणात एके दिवशी तिने आपलं अंथरूण गुंडाळलं आणि परसातल्या मांगरात नेलं. मांगर म्हणजे गवत, नारळ आणि गाय ठेवायची कौलारू खोपी, कुडाच्या भिंतींची. तिथे गायीशेजारी तिला झोप लागली, हे आत्मारामच्या जिव्हारी लागलं.

त्या दिवसापासून एकाच अंगणात नवराबायकोचे दोन संसार. मालन रांधायची मांगराच्या पडवीत. तो जेवायला तिथे यायचा आणि हात धुऊन परत नव्या घरात झोपायला जायचा. "घर मी बांधलाय, घरात मीच ऱ्हाणार. तुझा तू बघ." भिजलेल्या गादीवर एकटा पडून राहायचा, सकाळी कंबर धरून उठायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा.

ओल कुठून येते हे मालनला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तिने फुग्याखालची पांढरी पूड बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"अवो, मीठ हाय ता. तुमी खालच्या किनाऱ्यावरची वाळू घातलाव भितीत. मिठाच्या मडक्याला पावसात पाणी सुटल्याबिगर ऱ्हाता काय?"

खरं तेच होतं. नदीची वाळू दुरून आणायची, तर किनारा दाराशी. आत्मारामने वाळू धुवायचीही तसदी घेतली नव्हती. समुद्राने जन्मभर आपल्याला पोसलं, त्याची वाळू काय वाईट करणार, असा त्याचा हिशोब. पण चूक बायकोने चाखून दाखवावी, हे कुठल्या नवऱ्याला रुचलंय?

"गप ऱ्हा गो. इंजिनात उभा जलम काढलाय मी. तू मना शिकवू नको."

मग उपाय सुरू झाले, आणि सगळे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातले. बाहेरून डांबर फासलं, तर ओल आतून जास्त वर चढली. तेलरंगाचा आणखी एक हात दिला, तर ते फुगे पुरणपोळीएवढे झाले. वाडीत सगळेच पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतीवर नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधतात. मालन म्हणाली तशी बांधू या, तर हा म्हणे पक्क्या घराला झापं बांधली तर लोक हसतील. लोक तसेही हसतच होते. स्लॅबवर कौलांचं छप्पर घाला, असं शेजारच्या काशीने सुचवलं, तेव्हा तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. या माणसाला धरून गदागदा हलवावं असं कुणालाही वाटलं असतं. पण हलवणार कोण?

तिसऱ्या पावसाळ्यात त्याला पेटीच्या तळाशी डबी सापडली. बोट सोडताना आठवण म्हणून मागून घेतलेली, रंगाची. हा रंग उष्णता ओळखतो. इंजिनाच्या फिरत्या भागांच्या टोप्यांवर त्याचा ठिपका लावत. थंड असताना गुलाबी, तापला की निळा. ठिपका निळा झाला की तेलवाल्याने जीव खाऊन बोंब मारायची, मग वरून इंजिन हळू करत. आत्मारामने अशी बोंब मारून एकदा अख्खी बोट वाचवली होती. ती गोष्ट वाडीतल्या कुत्र्यांनाही पाठ होती. आणि बोटीवरचा साहेब म्हणाला होता, हा रंग गार झाल्यावर हवेतली ओल पिऊनच पुन्हा गुलाबी होतो.

तेवढं वाक्य त्याला पुरलं. ओल असेल तर गुलाबी, सुकं असेल तर निळा! त्याने माजघराच्या भिंतीवर हातभर पट्टा ओढला. खाली शेगडी मांडली, करवंट्यांचा कोळसा पेटवला. बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली, भिंतीच्या वरच्या हवेच्या जाळ्याही गोणपाटाने बुजवल्या. पट्टा कडेने जांभळा झाला, मग मधून निळा. आत्मारामला वाटलं, जिंकलो. पट्टा सांगत होता की भिंत तापली आहे. त्याने ऐकलं की भिंत सुकली आहे.

धावतच तो मांगरात गेला. दुपारची जेवणं होऊन मालन जरा लवंडली होती.

"ऊठ. भीत सुकली. चल घरात."

"आता नको वो. छातीत भरलाय माज्या."

"म्हणून तर सांगतो. सुक्यात ये. एक डाव ये, मालन."

त्याच्या आवाजात तीन पावसाळ्यांची आशा होती. ती तिला मोडवेना. ती उठली, पदर डोक्यावर घेऊन पागोळ्यांतून नव्या घरात आली आणि पट्ट्याखाली चटईवर आडवी झाली. त्याने दार लावून घेतलं.

स्टुलावर बसून तो पट्ट्याकडे बघत राहिला. कडा जरा गुलाबी झाली की शेगडीत करवंट्या घालायचा, फुंकायचा. डोळे चुरचुरत होते, पण इंजिनखोलीच्या मानाने हे काहीच नव्हतं. भिंतींवरून पाण्याचे ओघळ निघाले, तेलरंगावरून खाली घरंगळले. तेही त्याला चांगलंच वाटलं, ओल बाहेर पडते आहे म्हणून.

"अवो," मालन म्हणाली, "दार..."

"थांब वायच. कड अजून गुलाबी हाय."

ती आणखी काहीतरी म्हणाली. मग काही म्हणाली नाही. झोप लागली असं त्याला वाटलं आणि बरंच वाटलं. तिसऱ्या पावसाळ्यात का होईना, बायको आपल्या घरात झोपली. त्याने आणखी करवंट्या घातल्या. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा झाला.

काशी विरजण मागायला आली होती. मांगरात कुणी नाही म्हणून तिने नव्या घराचं दार ढकललं, आणि धुराचा लोट तिच्या तोंडावर आला.

"आत्मारामा, मेल्या, बाय बघ तुजी!"

तेव्हा त्याने वळून पाहिलं. मालनचे ओठ निळे झाले होते.

निळं दिसलं की बोंब मारायची, एवढं एकच काम त्याने जन्मभर केलं होतं. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. बोंब काशीने मारली. वाडी धावली. दोघांनी मालनला उचलून मांगराच्या पडवीत नेलं, कुणी डॉक्टरला आणायला सायकल हाणली. डॉक्टरांनी सुई टोचली, तासाभराने तिचा श्वास थाऱ्यावर आला. डॉक्टर आत्मारामला जे बोलले ते त्याने मान खाली घालून ऐकलं. काशी त्याहून वाईट बोलली, तेही ऐकलं.

माणसं पांगल्यावर तो नव्या घरात गेला. शेगडी विझली होती, दार उघडं होतं आणि पट्टा पुन्हा गुलाबी झाला होता. त्याला त्या पट्ट्याचा संताप आला, वाळूचा आला, साहेबाचा आला, आणि मग कुणाचा यायचा राहिला हे कळल्यावर त्याने फटींतली फडकी एकेक करून उपसली.

दिवेलागणीला मालनने डोळे उघडले. आत्माराम मांगराच्या दारात उभा होता. काखेत भिजट वासाची गादी, हातात उशी. आत यावं की न यावं, असा. तीन पावसाळे ज्या माणसाने हा उंबरा झोपण्यासाठी ओलांडला नव्हता, त्याच्याकडे तिने बघितलं. गाय उठून उभी राहिली.

मालनने आपली चटई भिंतीकडे सरकवली.

"या," ती म्हणाली. बोलताना अजून धाप लागत होती. "पन दार लावू नका."