पाणी बाईंचं, गाळ दादांचा

ऑफिसात त्यांना सगळे ‘तळ्याच्या बाई’ म्हणत. सरकारी पर्यावरण खात्यातल्या शास्त्रज्ञ म्हणून त्यांचं पद कागदावर भलंमोठं होतं, पण ते पूर्ण म्हणेपर्यंत चहा गार व्हायचा. शहराच्या कडेचं एक तळं धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांनी पार नासवलं होतं. पाणी हिरवट, काठ उजाड, आणि वास असा की काठावरच्या घरांच्या खिडक्या कायमच्या बंद. ते तळं पुन्हा माणसात आणायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं, तेव्हा खात्यातले लोक तोंडावर हसले होते. बाई हट्टाला पेटल्या.

हसले नाहीत ते एकटे दादा. हे त्यांचे वरिष्ठ. नमुन्याची बाटली पाण्यात कशी बुडवायची इथपासून सगळं त्यांनीच बाईंना शिकवलेलं. बाईंचे वडील गेले तेव्हा दारात सगळ्यात आधी तेच उभे होते, आणि नंतर त्यांना ‘साहेब’ म्हणणं बाईंच्या तोंडी आलंच नाही.

“पोरी, पाणी तुझं, गाळ माझा,” दादांनी पहिल्याच दिवशी वाटणी केली. तळातून उपसलेला गाळ विषारी. तो दूर नेऊन, जाड प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरायचा होता. खात्याचा नियम असा की दाखल्यावर दोघांच्या सह्या हव्यात. एकाने केलेलं काम दुसऱ्याने जागेवर जाऊन बघायचं. या दोघांनी नियमाला सोयीचं वळण दिलं होतं. बाईंच्या पाण्यावर दादा न बघता सही करत, दादांच्या गाळावर बाई. खड्डा बघायला बाई कधी गेल्याच नाहीत. दादांचं काम तपासायचं म्हणजे वडिलांचे खिसे चाचपण्यासारखं वाटायचं त्यांना. शास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यात कशावर पुराव्याशिवाय विश्वास ठेवला असेल, तर या एका माणसावर.

तळं सुधारलं. बदकं आली, खिडक्या उघडल्या. भर सभेत दादा म्हणाले, “हे सगळं हिचं,” आणि बाईंना रडू आवरेना.

मग एका रविवारी बाई धाकट्या बहिणीकडे गेल्या. धाकटीने वर्षापूर्वी नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. सखल जमिनीवर भराव टाकून उभी केलेली वसाहत, पण अंगण छान. भाची वाफ्यातून मुळे उपटत होती आणि एक तर तिने फ्रॉकला पुसून तसाच खायला घेतला होता. तिच्या चिखलाच्या हातावर बाईंना इवलेसे शंख दिसले. कडा झिजलेल्या, आत हिरवे डाग. असे शंख दुसरीकडे कुठे नव्हते. ते या तळ्याच्या तळाशी मरून पडलेल्या गोगलगायींचे होते. बाईंनी पोरीच्या हातातला मुळा हिसकावला. पोर भोकाड पसरून रडू लागली. बाईंनी काहीतरी थाप मारली, रिकाम्या बरणीत माती भरली आणि निघाल्या.

प्रयोगशाळेत त्यांनी ती माती स्वतः तपासली. निकाल बघून पुन्हा तपासली. मुलाम्याच्या कारखान्यांचं विषारी क्रोमियम दोन्ही वेळा निघालं, तळ्याच्या गाळात होतं तेवढंच. बाई तडक दादांच्या खोलीत गेल्या.

“खड्डा झालाच नाही ना, दादा?”

दादांनी चष्मा काढला. “आधी बस.”

“नाही बसत.”

“अस्तर येईना. वरून रोज तगादा. काम थांबलं असतं तर तुझं तळं आजही सडत पडलं असतं. बांधकामवाल्याला भराव हवा होता, घेऊन गेला.”

“तिथे माझी बहीण राहते! तुम्ही जेवायला आला होतात तिच्याकडे. अंगणात उभं राहून म्हणालात, माती चांगली आहे, भाजी लावा!”

“मग चारचौघांत काय सांगायला हवं होतं?” दादांचा आवाज एकदम मऊ झाला. “हे बघ, बोभाटा करू नकोस. दाखल्यावर सही तुझीही आहे, पोरी.”

दुसऱ्या कुणी दम भरला असता तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे झाडला असता. हा दम लाडाने दिलेला होता. केसाने गळा कापतात म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. आणि तरी त्या माणसाने ‘चुकलो’ म्हणावं, अशी वेडी आशा सुटत नव्हती. दादांनी चष्मा चढवला आणि समोरची फाइल ओढली.

बाईंनी त्याच दुपारी वर सगळं कळवलं, स्वतः न बघता सही केली हेसुद्धा. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. तिथून त्या धाकटीकडे गेल्या. पोरीला डॉक्टरकडे ने, अंगणातलं काही खाऊ नका, जमलं तर घर सोडा, असं भडाभडा बोलून टाकलं. दादांनी कसं फसवलं तेही सांगितलं. निदान बहीण जवळ घेईल, असं त्यांना वाटलं.

धाकटीने मुलीला कडेवर घेतलं आणि दोन पावलं मागे सरकली.

“घराचा विसार देण्याआधी मी तुलाच विचारलं होतं, ताई,” ती म्हणाली. “तू म्हणालीस, दादांनी जागा बघितली आहे, डोळे झाकून घे.”