माया मॅडमचे नातेवाईक

डॉ. माया मेश्राम यांचा राग सांगायचा तर सावकाश सांगावा लागेल. घाईत सांगितला तर ती नुसती आरडाओरड वाटेल, आणि त्या बाईनं आयुष्यात कधी आरडाओरड केली नाही. राग आला की त्यांचा आवाज खाली उतरतो. उन्हाळ्यात खारून नदी उतरते तसा. मग पात्रातले दगड दिसू लागतात.

रायपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात त्या मेडिसिनच्या विभागप्रमुख आहेत. वडील लहानू मेश्राम भंडाऱ्याकडून इथल्या रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आले आणि तिथेच निवृत्त झाले. त्यांना दोन मुली. थोरली रीना, धाकटी माया. थोरलीच्या रक्तात सिकलसेल निघाला. माणसाच्या रक्तातल्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक शिरांमध्ये अडकून बसतात. मग हाडं आतून पेटतात. बाहेर काही दिसत नाही. जखम नाही, डाग नाही. छत्तीसगडच्या मातीत हा आजार इतका मुरला आहे की कित्येक घरांत सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी सिकलचं कार्ड, म्हणजे रक्ततपासणीचा दाखला, मागतात.

रीनाताईंनी लग्न केलं नाही. रेल्वे कॉलनीजवळ त्या ब्लाउज शिवतात, आणि त्यांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा जास्त चालते.

मोठ्या डॉक्टरांचा संशोधनाचा एकेक विषय असतो. कुणाचं मन हृदयाच्या झडपांत रमतं, कुणाचं मूत्रपिंडात. माया मॅडम नागपुरात एमडी करत होत्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, या सिकलच्या जनुकांवर काम करतील. जनुकांवर काम केलं की परदेशातून बोलावणी येतात. त्यांनी विषय निवडला तो भलताच. दुखण्यानं कळवळणारा माणूस रुग्णालयाच्या दारात आला, की त्याला सुई मिळेपर्यंत काय काय होतं, हा त्यांचा विषय.

"यात संशोधन काय आहे?" मार्गदर्शकांनी हसत विचारलं होतं.

"तेच शोधते, सर."

पुढची सगळी नोकरी त्यांनी तेच शोधलं. सापडलं ते असं, की काहीच होत नाही. माणूस बाकावर बसतो. डॉक्टर त्याच्याकडे पाहतो, त्याला काही दिसत नाही, म्हणून त्याचा विश्वास बसत नाही. त्याला वाटतं, हा नाटक करून राहिला. तेवढ्या वेळात अडकलेलं रक्त छातीपर्यंत पोचतं, आणि काही माणसं त्या बाकावरून उठत नाहीत. हे सगळं त्यांनी मोठ्या मासिकांत छापून आणलं. मासिकं कपाटात गेली.

म्हणून त्यांनी आपल्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाला शिकवायला घेतलं. "रडायचं नाही. हात जोडायचे नाहीत. कार्ड दाखवा आणि औषधाचं नाव सांगा. मॉर्फिन. मागच्या वेळी किती लागलं तेही सांगा. शरीर तुमचं आहे." गरियाबंदकडची, महासमुंदकडची माणसं, ज्यांना सही करता येत नव्हती, ती मॉर्फिन म्हणायला शिकली. याचा मॅडमना फार अभिमान होता.

आणि त्यांची एकच मागणी होती. कॅज्युअल्टीत नियम करा: सिकलचं कार्ड दिसलं की आधी सुई, मग चौकशी. मग तो माणूस कुणी का असेना. ही फाईल अधीक्षकांच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून होती. अधीक्षक म्हणजे डॉ. अच्युत पुराणिक, रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीतल्या जुन्या मराठी घरातले. माणूस गोड. गोड माणसाच्या टेबलावर फाईल जास्त दिवस टिकते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी रुग्णालयाचं नवं केंद्र नवा रायपूरला उघडायचं ठरलं. संचालक म्हणून माया मॅडमचं नाव जवळजवळ पक्कं होतं. केंद्राच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या डॉक्टरांचे फलक लागणार होते. फोटो, पदव्या आणि संशोधनातली रुची. फोटो काढायला माणूस आला, त्यानं मॅडमच्या चेहऱ्यावर पावडर लावली. पुराणिक शेजारीच उभे होते.

"माया, तुझ्या फलकावर मी 'सिकलसेलचं जनुकशास्त्र' लिहून दिलंय. छान दिसतं."

"मी त्यावर काम केलेलं नाही, सर."

"अगं, फलक कोण तपासतं?"

"आणि रुची कसली? रुची लोणच्यात असते. मला या गोष्टीचा संताप आहे. तसं लिहा. संशोधनातला संताप."

फोटोवाला हसला. पुराणिक हसले नाहीत.

नेमक्या त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत रीनाताई ऑटोतून उतरल्या होत्या. कंबर आणि पाठ पेटली होती. ड्यूटीवर डॉ. सचिन हा तरुण डॉक्टर होता, सकाळपासून उभा. रीनाताईंनी शिकवल्याबरहुकूम कार्ड पुढे केलं.

"सिकल आहे. मले मॉर्फिन लागते. किती लागते ते कार्डावर लिवलं आहे."

सचिननं पाहिलं. साडी नीट, डोळ्यांत पाणी नाही आणि सुईचं नाव स्वच्छ पाठ. "आंटी, नाव तर एकदम पाठ आहे! रोज घेता का?"

"रोज घेतली असती तर तुह्याकडे काहून आली असती रे? मेडिकलवाल्याशीच दोस्ती केली नसती?"

बाकावरची माणसं हसली. सचिनचे कान लाल झाले. "उधर बैठिए. और भी मरीज हैं."

रीनाताई बसल्या. आपण कुणाची बहीण हे त्या बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं दीपमाला सिस्टर ड्यूटीवर आली, तिनं त्यांना ओळखलं आणि ती जिन्यानं वर धावत सुटली.

मॅडम चेहऱ्यावरच्या पावडरसकट खाली आल्या. तोवर रीनाताईंच्या ओठांचा रंग बदलला होता. त्यांना सुई दिली, ऑक्सिजन लावला, आयसीयूत हलवलं. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. जीव वाचला, पण आजही शिलाई मशीनचं पायडल थोडं मारलं की त्यांना धाप लागते.

सचिन रडवेला झाला होता. "मॅडम, त्यांनी एकदा सांगायचं ना, तुमची बहीण आहे म्हणून! मी लगेच केलं असतं."

मॅडमचा आवाज अगदी खाली गेला. "म्हणजे लगेच करता येत होतं."

सचिननं औषधांच्या कपाटाकडे पाहिलं.

"औषध कपाटात होतं, तू उभा होतास, कार्ड समोर होतं. फक्त बाई कुणाची ते कळायचं बाकी होतं."

रीनाताई बोलू लागल्यावर मॅडमनी त्यांनाही विचारलं, "ताई, तू काहून नाही सांगितलं?"

"तूच शिकवलं ना, कार्ड दाखवा, औषधाचं नाव सांगा. बहिणीचं नाव सांगा, हे कधी शिकवलं?" ताईंनी मास्क बाजूला करून श्वास घेतला. "तुह्या शिकवण्यानंच मी नशेडी ठरली, बाई. ज्याले नाव येत नाही तो बिचारा, त्याले बसवते. ज्याले येते तो नशेडी, त्यालेही बसवते."

त्या दिवसापासून मॅडमच्या रागाला दुसरी धार आली, आणि ती आतल्या बाजूला होती. किती माणसं त्यांचे शब्द पाठ करून या दारात उभी राहिली असतील आणि त्याच शब्दांपायी परत गेली असतील? त्यांनी हा हिशेब मांडायचा प्रयत्न केला नाही. परत गेलेल्यांची नोंद कुठेच नसते.

पुराणिकांनी मात्र तत्परता दाखवली. त्याच संध्याकाळच्या आत कॅज्युअल्टीच्या भिंतीवर आदेश लागला: 'कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांपैकी कुणी सिकलसेलचा रुग्ण आल्यास त्यास तत्काळ वेदनाशामक द्यावे.' खाली त्यांची सही.

"बघ, झालं तुझं काम," ते म्हणाले.

"हे कुणासाठी आहे, सर?"

"तुझ्यासाठी!" आणि ते खरंच मनापासून म्हणाले. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती. आपलं माणूस सांभाळणं हाच त्यांना माहीत असलेला चांगुलपणा होता, आणि तेवढ्यावर त्यांचं सगळं आयुष्य छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत मॅडमनी जुना धडा पुसला. "औषधाचं नाव घेऊ नका. दारात म्हणा, आम्ही माया मॅडमचे नातेवाईक."

हिवाळा वाढला. धानाची कापणी, पहाटेचा गारठा, थंड पाणी. याच दिवसांत सिकलवाल्यांची हाडं बोलतात. आणि दारात नातेवाईक येऊ लागले. साहू आले, गोंड आले, सतनामी आले, ओडिशाच्या सीमेवरून आलेल्या एक बाई स्वतःला मॅडमची मामी म्हणाल्या. सचिन मान खाली घालून नातं लिहायचा आणि सुई द्यायचा.

पुराणिकांनी मॅडमना बोलावलं. "माया, इतके नातेवाईक? आणि प्रत्येक जातीतले?"

"आदेशात जात लिहिलेली नाही, सर."

"ही थट्टा चाललीय."

"थट्टा तुम्ही भिंतीवर लावलीत. मी फक्त तिचं पालन करते आहे."

"मी आदेश मागे घेईन."

"घ्या. तुमच्या कितीतरी वॉर्डबॉयच्या, सिस्टरच्या घरी कार्डं आहेत. त्यांना तुम्हीच सांगा."

आदेश राहिला. रुग्णालयात लोक गालात हसायचे, माया मॅडमची वरात आली म्हणायचे. काही दिवस मॅडमना स्वतःलाही वाटलं, की जिंकलो.

मग शंकर नेताम आला. गरियाबंदच्या पलीकडचा म्हातारा, खांद्यावर नात. दारातच त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "हमन माया मैडम के सगा आन." पोरीला सुई मिळाली. कण्हणं थांबलं, ती झोपली. मॅडम फेरीवर आल्या आणि पोरीची नाडी धरून खाटेवर बसल्या.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या छत्तीसगढीत त्यानं विचारलं, हा सग्यांचा नियम कधीपासून झाला?

"याच हिवाळ्यात, बाबा."

त्यानं बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. "मोर बेटा पउर साल इही बेंच म खतम होगे." गेल्या वर्षी त्याचा मुलगा त्याच बाकावर संपला होता. पोरीचं पांघरूण नीट करत तो म्हणाला, "ओ समे हमन तुंहर सगा नइ रेहेन."

तेव्हा आम्ही तुमचे सगे नव्हतो. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. त्याला ते पटलं होतं. पोरगा का गेला याचं कारण त्याला आज मिळालं होतं, आणि ते कारण माया मॅडमनी त्याच्या तोंडात घातलं होतं.

मॅडम उठल्या. कॅज्युअल्टीच्या भिंतीपाशी गेल्या, खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर आदेशातले पहिले शब्द खोडले. आता कागदावर उरलं: 'कुणी सिकलसेलचा रुग्ण आल्यास त्यास तत्काळ वेदनाशामक द्यावे.' खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि शिक्का मारला.

संचालकपद गेलं. फलक दुसऱ्या कुणाचा लागला. अधीक्षकांच्या आदेशात खाडाखोड केल्याबद्दल मॅडमची चौकशी लागली. समितीनं विचारलं, खाडाखोड आपणच केली? हो. त्याबद्दल खेद आहे?

"आहे. उशिरा केली."

कागद अजून भिंतीवर आहे. चौकशीचा पुरावा म्हणून तो काढायला समितीनं मनाई केली आहे. भिंतीवर आहे तोवर सचिन त्याप्रमाणे वागतो. कार्ड पाहतो, सुई देतो, नातं विचारत नाही.

"मग लांबू दे ना चौकशी," रीनाताई धाप सांभाळत म्हणाल्या. "चांगलंच होऊन राहिलं."

मॅडम दाराशी चपला घालत होत्या. "आणि संपली की, ताई? माझी चौकशी संपली की ते सगळे पुन्हा बाकावर."