वळणावरची बाई

साखर कारखाना सुरू झाला की वसमतच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर धडधडायचे, आणि त्यांच्यामधूनच बंजारा तांड्यावरच्या पोरी सायकलनं शाळेला जायच्या. पोरींसाठी वेगळी वाट मागायला आम्ही कार्यकर्त्यांनी सायकल फेरी काढली. वळणावर पाहतो तर एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी. ट्रॅक्टर अंगावर येत होता, त्यातला टेप बोंबलत होता. ती हलली नाही, ओढणीवरचे आरसे उन्हात चमकवत राहिली. करकचून ब्रेक लागला. ती ड्रायव्हरवर ओरडली,

"टेप बंद कर! लेकरांची घंटी ऐकू येऊन राहिली न्हाई तुला!"

थांबलेल्या ट्रॅक्टरसमोरून शाळेच्या पोरी सायकलनं पार झाल्या. ती रोजच अशी उभी राहते, जाता जाता म्हणाल्या. फोटोसाठी मी तिच्या हातात फेरीचा झेंडा दिला. तिनं तो परत केला.

"उद्या तुमच्यातलं कोण उभं ऱ्हाणार?"

मी झेंडा गुंडाळला. तिनं ओढणी सावरली. पुढचा ट्रॅक्टर वळणावर आला होता.