बसा, बॅटरी धरा

“बसा. बॅटरी धरा.”

दुकानात कोणीही कॉम्प्युटर घेऊन आलं की काकांचं पहिलं वाक्य हेच. काय बिघडलंय ही चौकशीसुद्धा नंतर. हातात उजेडाची पिवळी बॅटरी कोंबायची आणि पायाने स्टूल पुढे सरकवायचं. मालक समोर बसल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. “ठेवून जाते, संध्याकाळी नेते,” म्हटलं की डबा तसाच परत.

तुमच्याही भागात असा एखादा असेल, ज्याच्याशी भांडल्याशिवाय काम होत नाही आणि ज्याच्याकडे गेल्याशिवाय चालतही नाही. आमचा डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. आधी एमआयडीसीतल्या कंपनीत मीटर दुरुस्त करायचे. कंपनी बंद पडली तेव्हा दुकान टाकलं. भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर, खाली स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे ओळीत.

मी दिवा स्टेशनजवळ एका खोलीत ब्लाऊज शिवून वर आलेली बाई. पाण्याचे हंडे भरून झाले की मशीनवर बसायचं. पुढे डोंबिवलीत गाळा घेतला आणि बंद पडलेल्या एका कारखान्यातून कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन उचललं. भाव करताना त्या मालकाला मी तीनदा जिना उतरून दाखवला. चौथ्यांदा त्यानेच हाक मारली. मशीनबरोबर जुना कॉम्प्युटर आला. मशीन फक्त त्याचंच ऐकतं. दुसरा जोडला तर सुई हलत नाही. म्हणजे तो डबा मेला की मशीन भंगार, आणि माझ्यासकट चार बायका घरी.

पहिल्यांदा तो बंद पडला तो ऐन लग्नसराईत. बटण दाबलं की तीन शिट्ट्या आणि पडदा काळा. मी डबा उचलून काकांकडे गेले.

“बसा. बॅटरी धरा.”

“मला वेळ नाहीये.”

“मग मला पण नाही.”

बसले. काकांनी झाकण काढलं, आतून एक हिरवी पट्टी उपसली आणि शर्टाच्या खिशातून शाळेतला असतो तसा खोडरबर काढला. पट्टीची सोनेरी किनार घासायला लागले.

“हे काय चाललंय?”

“ही मेमरी. किनारीवर मळ चढला की मशीन ओरडतं. आधी वायर काढायची, मग हात लावायचा. बघताय ना? बॅटरी हलवू नका.”

पट्टी परत बसवली. पडदा उजळला. माझा मोर, कोयऱ्या, बाह्यांचे काठ, सगळं जागच्या जागी. आनंद झाला, पण तो चेहऱ्यावर दाखवला की भाव वाढतो.

“कमी करा. नुसता खोडरबर तर फिरवलात.”

“पुढच्या वेळी तुम्ही फिरवा. म्हणून तर बसवलं.”

एक रुपया कमी केला नाही. वर हातात मार्कर दिला. “झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. जे बघितलंत ते. तुमच्या अक्षरात.”

मी रागाने लिहिलं: ‘तीन शिट्ट्या. वायर काढली. मेमरी घासली. पाऊण तास फुकट गेला.’

वाचून म्हणाले, “शेवटचं पण राहू दे.”

आता माझा राग सांगते, कारण तो अजून आहे. काकांनी बजावलं होतं, डिझाइनची दुसरी प्रत काढून ठेवा. मी स्टेशनबाहेरच्या एका ठेल्यावरून भलामोठा पेनड्राइव्ह निम्म्या भावात आणला, पंधरा वर्षांची डिझाइनं त्यात भरली आणि मुद्दाम दाखवायला गेले. दुकानात चार माणसं होती. काकांनी लावून बघितला.

“ताई, नावं सगळी आहेत. आत काही नाही. नकली आहे.” मग चष्म्यावरून बघत, “भाव मात्र छान केलात.”

चौघे हसले. मी बॅटरी टेबलावर आपटली आणि निघाले. पितृपक्ष होता तेव्हा. होळीपर्यंत त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी काका माझ्या गाळ्याच्या दारात. हातात एक डिस्क आणि ती पिवळी बॅटरी.

“आत येऊ का?”

“कशाला?”

“प्रत काढायला. तुम्ही करा. मी बॅटरी धरतो.”

भर दुपारची वेळ, ट्यूबलाइट चालू. तरी तासभर बॅटरी धरून उभे राहिले. मी आभार मानले नाहीत. चहा मात्र दिला.

माझी मुलगी बाळकुमला राहते, आयटीत आहे. तिने मोबाइलवर एआयकडून मोर काढून दाखवला. सुरेख होता, पाय तीन होते. “आई, तिसरा पाय काढून टाकता येतो गं!” म्हणाली. येत असेल. पण धागा कुठून सुरू करायचा, जरीचं कापड कुठे ओढलं जातं, हे त्या मोराला माहीत नव्हतं. मग तिने कॉम्प्युटरचा बिघाड त्यालाच विचारला. अकरा कारणांची यादी आली. काकांचं नाक खाली व्हावं म्हणून मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचली.

“बरोबर सांगतोय. सगळं वाचलंय याने.” फोन परत देत म्हणाले, “उघडलेलं मात्र एकही नाही.”

नव्या लॅपटॉपवर त्यांचा खरा राग. सगळं डिंकाने चिकटवलेलं, स्क्रू नाहीत. “जी वस्तू मालकाला उघडता येत नाही ती त्याची नाही, ताई. ती फक्त त्याच्या घरी राहते.”

मग इमारत पुनर्विकासाला गेली. काका भाडेकरू, दुकानाच्या बदल्यात काही मिळालं नाही. बदलापूरला मुलीकडे गेले. दिवाळीनंतर ते वारल्याचं कळलं. चारचौघांत त्यांनी मला तसं बोलायला नको होतं, हे त्यांना सांगायचं राहिलं. चांगल्या डिस्कबद्दलही काही बोलायचं राहिलं.

या लग्नसराईत परत तीन शिट्ट्या झाल्या. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, डब्याला हातही न लावता म्हणाला, “मॅडम, हे म्युझियममध्ये द्या. नवीन सेट घ्या, हप्ते करून देतो.”

मुलगी फोनवर होती. “आई, पुरे आता. सोड ना तो डबा.”

“उघडून बघितलात?” मी त्या माणसाला विचारलं.

“उघडायचं काय त्यात?”

“मग बसा,” मी म्हटलं आणि मोबाइलचा उजेड लावून त्याच्या हातात दिला. “धरा नीट. हलवू नका.”

वायर काढली. झाकण काढलं. आतल्या बाजूला माझंच अक्षर, खाली खाली उतरत गेलेलं. ‘पंखा साफ केला.’ ‘घड्याळाचा सेल बदलला.’ सगळ्यात वर ती रागाची ओळ. मी पट्टी उपसली आणि शिलाईच्या खणातून खोडरबर काढला. तो माणूस घड्याळाकडे बघत होता.

पडदा उजळला. सुई हलली. तो बॅग उचलून चालता झाला, मी थांबवलं नाही.

झाकण लावण्याआधी मार्कर घेतला. ‘तीन शिट्ट्या. वायर काढली. मेमरी घासली.’ खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं, ‘वेळ फुकट गेला नाही.’